अडतीस भरेपर्यंत

४ डिसेंबर, बुधवार
काल लातूरहून आलो. सुमनचं वजन ३६ किलो ४००. डॉक्टर म्हणाले, किमोचा चौथा डोस देत न्हाई. अडतीस भरलं पायजे. औषध वजनावर काढून देतेत, एवढ्याशा अंगाला सोसत न्हाई, उलटलं तर डोसच जीव घेईल. मी म्हनलं, मग थांबू की दोन महिने. तर म्हणाले, थांबलात तर आधीचे तीन डोस पाण्यात. सत्तावीस तारखेला या. अडतीस घेऊन या.

अडतीस घेऊन या म्हणे. मोंढ्यात मिळतं का ते!

बसमध्ये सु. खिडकीला डोकं लावून बसलेली. अहमदपूर आलं तवा म्हनली, "अवो, दीड किलोच तर पायजे." मी हाव म्हनलं. दीड किलोला थोडं वरच लागतं.

ही मापाची वही. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून हे. दुकानात दुसरी वही न्हाई अन् घरात लिहिलं तर ती वाचंल.

५ डिसेंबर
सकाळी सु.नं दोन ब्लाऊज मशीनवर आणून टाकले. "दाबून द्या, खांद्यावरून उतरायलेत." ऑगस्टात दाबले, दिवाळीच्या आधी दाबले. आत आता कापडावर कापड बसून शिवण जाड झाली. म्हनलं, न्हाई दाबत. "का?" म्हनलं, तू भर त्यात. मी आता एक सूत दाबणार न्हाई. चिडूनच बोललो. ती हसली. "टेलर मास्टरची बायको अन् ढगळा ब्लाऊज. लोक काय म्हनतील." पिना लावून बसली.

मऊ भात, न्हाई. अंडं, न्हाई. डब्यातली पावडर उघडली की तोंड फिरवती. वरणाचं पाणी दोन चमचे, तेबी अर्ध्या तासानं बाहेर.

६ डिसेंबर
दरवर्षी मुंबईला जातो. औंदा विहारापर्यंतच. सु.नं पांढरी साडी नेसली. वंदना संपेपर्यंत उभं राहवलं न्हाई, मधीच खाली बसली. बाया बघायल्या. एकजण हळूच म्हनली, किती वाळली हो. ऐकू आलं आम्हाला दोघांना बी.

७ डिसेंबर, शनिवार
दुपारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. एकदम म्हनली, "कोरमीनचं पातळ कालवण असतं तर खाल्लं असतं."

कोरमीन म्हंजे मरळ. तिच्या माहेरी, देगलूरच्या पल्याड मांजरेकाठी, असंच म्हनतेत. बाळंतिणीला तेच, तापातून उठलेल्याला तेच. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं तोंडानं काही मागितलं. शटर अर्धं तसंच ठेवून पळालो.

बाजारात सगळा पंकज मासा, बर्फातला. एकाजवळ टाकीत दोन मरळी, शेततळ्यात खाद्य घालून पाळलेल्या. एक आणली. ती कॉटवरून सांगायली, मी करायलो. राख लावून घासा. लसूण ठेचा, वाटू नका. चिंच जरा कमी. पहिला घोट घेतला अन् सगळं मोरीत. "खाद्याचा वास हाय ह्याला. तलावातला मासा न्हाई हा." रडली. मी म्हनलं, जाऊ दे, मासाच तर हाय. "माशासाठी न्हाई वं. मला वाटलतं, हे तरी जमंल."

ते वाक्य दिवसभर डोक्यात. तलावातला पायजे तर तलावातला आणू.

८ डिसेंबर
माळ्यावरचा डबा काढला. गळ गंजलेले, दोन बरे निघाले. दहावीत होतो तोवर तलावावर बसायचो, आता बावन्न. नायलॉनचा दोरा तिपेडी वळला, चपलेच्या रबराचा तुकडा वर तरंगायला. बाराला दुकान बंद करून गाडी काढली, गावाबाहेरच्या तलावावर.

तीन तास. रबर हललं बी न्हाई.

तिथं खाजाचाचा. वीस वर्षं ह्यांचे पायजमे शिवतो, पण गळाचे उस्ताद हायत हे आज कळलं. पाणीपुरवठ्यातून रिटायर झाल्यापासून रोज तलावावर. "मास्टर, तुम? दुकान छोड के?" सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हनले, "ठंडी में मच्छी नीचे बैठ जाती. खानाच छोड देती. पर मरळ को हवा लेने ऊपर आनाच पडता. बारा से दो, धूप में. तब देखो."

थंडीत खाणं सोडते म्हणे. घरात एक, तलावात सगळ्या.

९ डिसेंबर
आज बी रिकामा. हात मात्र नीट बसाया लागला. खा.चा.नी दाखवलं: गळाला बेडकी लावायची ती दंडात न्हाई, पाठीच्या कातडीत अडकवायची, जिती राहती. बेशरमाच्या झुडपांच्या कडंला टाकायची, सावली पाण्यावर पडू द्यायची न्हाई. खोकायचं न्हाई.

जाताना पोतं दिलं. आत त्यांचं फेकायचं जाळं. मच्छीमार संस्थेनं तलावावर जाळं बंद केलं, काठावरून गळ तेवढा चालतो, म्हणून कैक वर्षं पडून. उंदरांनी खाल्लेलं. "सी के दो मास्टर. फेकना नै है, बस देखना है." कडंला शिशाचे मणी ओवलेले, सगळ्या घेरानं. उचललं तर हात खाली आला. सु. बघून म्हनली, "आता जाळ्याचं बी माप घेताव का?"

१० डिसेंबर, मंगळवार
लागली! साडेबाराला. झुडपाशेजारी बुडबुडा फुटला, खा.चा.नी नुसतं बोट केलं, मी बेडकी अलगद सोडली. रबर गपकन खाली. हाताला असा हिसका बसला की ओरडलोच. पाव किलोची असंल, निसटायली म्हणून छातीशी धरली. शर्टाची पार वाट.

बादलीत जिती आणली. सु. उठून बघायला आली. उठून! भिंत धरून का होईना. बोटानं मरळीच्या डोक्यावर टिचकी मारून म्हनली, "हीच."

अर्धी वाटी प्याली. मी घड्याळ धरून बसलो. दहा मिनिटं. वीस. तास. राहिलं पोटात. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, तिला रडलेलं दिसू नये म्हणून.

संध्याकाळी वंदना झाल्यावर म्हनली, "जीव मारू नये, हे पहिलं शील तोंडात अन् गळ हातात. शोभतं का तुम्हाला?" म्हनलं, मारलं मी, खाल्लं तू. निम्मं निम्मं. "चला, म्हंजे माझ्या बी माथी."

१२ डिसेंबर
काल एक, आज एक. दोन्ही बारक्या. सु.ला मोंढ्यात अडतीवर नेलं, सोयाबीनचे कट्टे मोजायचा काटा हाय तिथं. चप्पल काढून बसली. हमालानं फडक्यानं काटा पुसला आधी. ३६.७५०. हमाल म्हनला, "वहिनी, कट्टा भरला न्हाई अजून." ती खळखळून हसली. मला त्याला मिठी मारावी वाटली.

१५ डिसेंबर, रविवार
३६.९००. प्रज्ञा आली नांदेडहून. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय, पण घरात पाय टाकला की पोरगीच. आईच्या ताटात बघून मला बाहेर बोलावलं. "पप्पा, आई भात मागायली." म्हनलं, गप. मोठ्यानं बोलू नको. नजर लागंल.

पोरीनं कॅलेंडरवर खुणा केल्या. रोज शंभर ग्रॅम चढलं तर सव्वीसला अडतीस. मी बी खुणांकडं बघत बसलो. वेडाच हाय मी.

१६ डिसेंबर
ऊन न्हाई. सगळीकडं धुई, दुपारपर्यंत पलीकडचा काठ दिसला न्हाई. मरळ वर आली न्हाई. एकदा बी न्हाई.

१७ डिसेंबर
धुईच. बोटं अशी आखडली की गाठ मारता येईना. खा.चा. शेकोटी करून बसले. "अल्ला की मर्जी, मास्टर. धूप निकलने दो." म्हनलं, चाचा, माझ्याकडं धा दिवस राहिलेत. त्यांनी शेकोटीत काटकी सारली. मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं.

सु.ला वरण-भात दिला. मोरीत.

१८ डिसेंबर, बुधवार
आज जरा उजेड होता. पलीकडच्या काठाला गेलो, जिथं बाभळीची फांदी पाण्यात बुडाली तिथं. पाण्यावर तांबडा ठिपका. आधी वाटलं कुणी तिखट सांडलं. जवळ गेलो तर ठिपका हलायला. शेकडो पिलं, नखाएवढी, एकमेकांत घुसून वर-खाली करायलेली. अन् त्यांच्या खाली, हातभर खोलीवर, दोन काळ्या सावल्या.

खा.चा.ना बोलावलं. ते बी चाट पडले. "इस मौसम में? बारिश देर तक चली न, उसका है." मी गळाची काठी सरळ करायलो तर त्यांनी मनगट धरलं. सत्तर वर्षांचा माणूस, पण पकड अशी. "नक्को मास्टर. पिल्लेवाली नै पकडते. कोई नै पकडता. वो भूख से नै काटती. गुस्से से काटती. पिल्लों पे कुछ भी आया तो उसको मारने आती. बिना चारे का गळ डालो तो भी धरती. उसमें क्या उस्तादी?"

हात खाली केला. म्हनलं, बरोबर हाय.

३६.५००.

१९ डिसेंबर
इकडून तिकडं सगळा काठ पालथा घातला. एक टिलापी लागली. नेली. सु.नं वास घेऊन ताट सारलं.

२० डिसेंबर, शुक्रवार
आज मी तिच्यावर ओरडलो. लिहायची लाज वाटायली पण लिहितो. वाटी धरून अर्धा तास समोर बसलो. "घोटभर घे." न्हाई. "एक चमचा." न्हाई. म्हनलं, तुला जगायचंच न्हाई, तसं सांग, मी दुकान उघडून बसतो, कशाला थंडीत मरतो तिकडं. मग हळूच म्हनली, "मला खायचंय वं. अन्नच मला नको म्हनतं."

वाटी ठेवून बाहेर आलो. दवाखान्यात नेऊन सलाईन लावली. नस सापडंना, तीनदा टोचलं.

२१ डिसेंबर
३६.३००. निघालो होतो त्याच्या बी खाली. हमालानं मान वळवून दुसरा कट्टा ओढला. प्र.नं फोनवर आकडा विचारला. साडेछत्तीस सांगितला.

तलावावर गेलो, गळ टाकलाच न्हाई. बाभळीजवळ बसून पिलावळ बघत राहिलो. एक पिलू बी लांब जात न्हाई. गेलंच तर खालून सावली येती अन् ढकलून आत घेती.

सहा दिवस.

२२ डिसेंबर, रविवार
धरली.

सकाळीच गेलो. खा.चा. आले नव्हते. गळाला बेडकी न्हाई, काही न्हाई, नुसती लाल चिंधी बांधली. सु.च्या ब्लाऊजचं उरलेलं कापड, खिशात होतं. पिलांच्या मधोमध टाकली. तीन आकडे मोजायच्या आत पाणी फुटलं.

सव्वा किलोच्या वर. ओढताना बघितलं, गळ नीट रुतला बी नव्हता. तिनंच आवळून धरलेला. काठावर काढली तरी चिंधी सोडंना.

मागं वळलो तर खा.चा. उभे. कवापासून उभे होते काय माहीत. माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, थर्मास उचलून चालायला लागले. मी "चाचा" म्हनलं. मागं वळले न्हाईत.

माय होती का बाप, मला वळखता येत न्हाई. बादलीत घरापर्यंत जिती होती.

सु.नं दोन वाट्या खाल्लं. वर भात कालवून मागितला. पोटात राहिलं.

कुणी मला काय म्हनायचं ते म्हनू द्या.

२३ डिसेंबर
सकाळी उठून तिनंच विचारलं, "राहिलंय का कालचं?" अर्धा मासा मीठ-हळद लावून ठेवलेला, तो केला. दुपारी परत. अंगणात उन्हात बसली. ऊन पडलं आज, एवढे दिवस कुठं गेलतं कोण जाणे.

खा.चा.चं जाळं शिवायला घेतलं. बसल्या बसल्या कुठं तरी हात गुंतला पायजे.

२४ डिसेंबर, मंगळवार
३७.०००. सदतीस! हमालानं शिट्टी मारली.

घरी आल्यावर कालच्या कालवणाची वाटी घेऊन बसली, अन् बोलता बोलता विचारलं, "एवढी मोठी मरळ. पोटात काय निघालं तिच्या?" मी जाळं शिवायलो, ध्यान नव्हतं. म्हनलं, काहीच न्हाई. पार रिकामं. आतडं दोऱ्यावानी.

बोललो अन् कळलं.

सु. नदीकाठची. बाप भोयांसंगं नदीवर जायचा, मासे साफ करण्यात लहानपण गेलं तिचं. घास हातात तसाच. "रिकामं पोट. थंडीत. अन् पहिल्यांदा गळ टाकला की लागली म्हनलाव तुम्ही." मी म्हनलं, नशीब. "पिलावर होती न?"

न्हाई म्हनलं. तिनं फक्त माझं नाव घेतलं. लग्नापासून कधी घेतलं न्हाई. मग हाव म्हनलं.

मला वाटलं वाटी फेकंल, मोरीत जाईल. गेली न्हाई. वाटी जवळ ओढली. मग खायला लागली. भराभरा, डोळ्यांतून पाणी गळायलेलं, ते बी वाटीत. मी म्हनलं, सुमन, राहू दे. "न्हाई. तिचं टाकायचं न्हाई. कण बी टाकायचा न्हाई." वाटी पुसून खाल्ली. "आता मी बी रागानंच खाते."

भुकेचं अन् रागाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला आधीच ठाऊक असंल.

२५ डिसेंबर
सु.नं सकाळी उठवून पाठवलं. "जा, बघून या. हायत का."

जीव मुठीत धरून गेलो. बाभळीजवळ खा.चा. बसलेले. गळ न्हाई जवळ. हातात लांब काठी. पाणकावळा आला की पाण्यावर आपटायची. मी लांबच उभा राहिलो. तेच म्हनले, "आओ. दूसरा है अभी." पिलावळ निम्मीच राहिली. खाली एकच सावली, पण गोल गोल फिरायली, क्षणभर थांबत नव्हती. "परसों से ऐसाच. खाया नै, रुका नै." म्हनलं, चाचा, चुकलं माझं. ते म्हनले, "भाबी ने खाया?" हाव म्हनलं. "तो बस." अन् काठी माझ्या हातात दिली, नमाजाला गेले.

दोनपर्यंत पाणकावळे हाकलले. बावन्न वर्षांचा टेलर, काठी घेऊन, मासे राखायला. कुणी बघितलं असतं तर येडाच म्हनलं असतं.

सु.ला सांगितलं, एक हाय. पिलं हायत. तिनं अर्धी भाकर दुधात चुरून खाल्ली. चावता चावता दम लागला, थांबली, परत खाल्ली.

२६ डिसेंबर, गुरुवार
३७.३५०. तिनं आपल्या परीनं सगळं केलं. रात्री शिळं वरण बी खाल्लं. साडेसहाशे ग्रॅम कमी. एका रातीत कुठून आणू?

डॉक्टरला हात जोडीन म्हनलं. पण मागच्या टायमाला जोडले होते. तिसऱ्या डोसाच्या येळी आमच्या पुढची बाई, साडेसदतीसवाली, तिला बी परत पाठवलं होतं. ती ह्या तीन तारखेला आलीच न्हाई, नंबर पुकारला तर कुणी उठलं न्हाई.

दुपारी दुकानात बसलो. समोर खा.चा.चं जाळं, शिवून झालेलं. कडंचे मणी बघत बसलो. मग शटर खाली घेतलं.

तीस मणी काढले. अडतीवर जाऊन मोजले, हमालाला म्हनलं जाळ्याचं काम हाय. सातशे ग्रॅम. सु.चा निळा परकर आणला होता, नेफा बसवायचा सांगून. खालची पट्टी उसवली, एकेक मणी बसवला, दोन्ही बाजूंनी टीप मारून कप्पा केला, की एका जागी गोळा व्हायला नको, चालताना वाजायला नको. वरून परत दुमड. तीस वर्षांत एवढी बारीक टीप घातली न्हाई. आमदाराच्या लग्नाच्या कोटाला बी न्हाई.

डोस वजनावर काढतेत. ठाऊक हाय मला. नको तेवढा दिला तर काय होतंय ते डॉक्टरनी तोंडावर सांगितलंय. सातशे ग्रॅमनं असा किती फरक पडतो? प्र.ला विचारावं म्हणून फोन उचलला. वाजायच्या आत ठेवला.

न दिलेल्या डोसानं किती फरक पडतो ते कुणी सांगत न्हाई.

२७ डिसेंबर, शुक्रवार. लातूर
पावणेबारा. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहायलो. वही पिशवीत आणली होती.

सकाळी तिनं तोच निळा परकर नेसला. मी चपला शोधायचं नाटक करायलो. निघताना म्हनली, "तलावाकडून घ्या गाडी." पहिली बस सोडून गेलो. धुई नव्हती. खा.चा. काठी घेऊन बसलेले, दुरून हात केला. सु. बाभळीपर्यंत आली माझा हात धरून. तांबडा ठिपका, आता ताटलीएवढाच. खाली सावली फिरायलेली. ती वाकून बघत राहिली. पदर ओला झाला. "चला."

बसमध्ये माझ्या शेजारी. अहमदपूरच्या अलीकडं तिनं माझा हात घेतला अन् आपल्या घोट्याजवळ नेला, परकराच्या कडंवर. बोटाखाली मणी. एक, दोन, तीन.

"खाजाचाचाचं जाळं हाय न हे?"

हाव.

"त्यांना काय सांगणार?"

म्हनलं, ते मागून बघू. ती खिडकीबाहेर बघत म्हनली, "तिला चिंधीनं फसवलं. डॉक्टरला मण्यानं. पण औषध माझ्या अंगात जाणार हाय वं." हळूच म्हनली, पण पुढच्या सीटवरची बाई वळली.

"अन् न्हाई गेलं तर?" माझा आवाज चढला. "न्हाई गेलं तर काय, सांग की! मला दुसरं काय जमतं? शिवाया येतं, शिवलं."

चाकूरपर्यंत तिनं हात सोडला न्हाई.

इथं नंबर चौदा. बाराव्याला आत घेतलं तवा म्हनली, "कात्री द्या." दोरे कापायची बारकी कात्री माझ्या खिशात असतीच, तिला ठाऊक. मी देईना. "द्या म्हनलं न." दिली. पिशवी घेऊन बायांच्या मोरीत गेली.

लई येळ लागला. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो, आतली बाई रागानं बघायली.

बाहेर आली. कात्री माझ्या खिशात घातली, पिशवी बाकावर माझ्या शेजारी ठेवली. म्हनलं, काढले का? तिनं पिना नीट केल्या खांद्यावरच्या. "नंबर आला का?" तेवढ्यात पुकारलं.

गेली आता आत. हळूहळू, भिंत न धरता. मी परकराच्या कडंकडं बघत होतो. जड कापड वेगळं पडतं, हलकं वेगळं, हे मला आंधळं होऊन बी कळायला पायजे. पण डोळ्यात पाणी आलं अन् काही दिसलं न्हाई.

काटा दाराच्या मागं हाय. चढल्याचा आवाज आला. नर्सनं आकडा सांगितला असंल, इथं कुणाचं लेकरू रडायलंय.

पिशवी शेजारी हाय. उचलून बघितली तर कळंल, मणी इथं हायत का तिच्या अंगावर. उचलत न्हाई.